न गेलेल्या मुक्कामाचे पैसे

पुण्यात बाणेरला पॅन कार्ड क्लब रोड नावाचा रस्ता आहे. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा राहिलो तो याच रस्त्याच्या एका गल्लीत, चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये. डिलिव्हरीवाल्याला पत्ता सांगताना हे नाव रोज तोंडात यायचं आणि बरेच दिवस माझी समजूत अशी की इथे आयकर खात्याचं एखादं कार्यालय असणार. एका रविवारी सहज शोधलं तेव्हा कळलं की आयकराच्या पॅन कार्डाशी या रस्त्याचा काही संबंध नाही. पॅनकार्ड क्लब्स लिमिटेड नावाची एक कंपनी होती. तिचा क्लब इथल्या टेकडीवर होता, त्यावरून रस्त्याला हे नाव पडलं.

पुढे वाचत गेलो. शेअर बाजाराची नियामक संस्था 'सेबी' हिने २०१४ साली या कंपनीला लोकांकडून नवे पैसे घ्यायला मनाई केली. फेब्रुवारी २०१६मध्ये अंतिम आदेश दिला : ५१ लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करा. पैसे कशासाठी घेतले होते? हॉटेलात राहण्याच्या रात्रींसाठी. कंपनी 'रूम नाइट्स' विकत होती.

हे वाचल्यावर मला आमच्या संग्रामपूरच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. ते या कंपनीचं नाही. अशाच धंद्यातल्या दुसऱ्या एका कंपनीचं आहे, तिचं नाव इथे घेत नाही. पण त्या घड्याळाच्या तबकडीवरही समुद्र, नारळाचं झाड आणि हॉटेलाची इमारत आहे. मी बारा वर्षांचा असताना ते 'फुकट' घरी आलं होतं.

त्या फुकटाचा हा इतिहास. तो सांगायचा हक्क मला आहे की नाही याबद्दल जरा शंका आहे, कारण लग्नानंतर दोन वर्षं मी स्वतः फुकट गिफ्टांसाठी टाइमशेअरच्या सेल्स प्रेझेंटेशनला जाऊन बसत होतो.

दीड तास

ज्यांना याचा अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात तुम्ही लकी ड्रॉचं कूपन भरता. आठवड्याभराने फोन येतो : 'अभिनंदन सर, तुमचं नाव निवडलं गेलंय.' गिफ्ट घ्यायला अमुक हॉटेलात शनिवारी या. अटी अशा की नवरा-बायको दोघांनी यायचं, उत्पन्न अमुकच्या वर हवं आणि क्रेडिट कार्ड सोबत हवं. पहिल्या दोन अटींचं कारण फोनवर सांगतात. तिसऱ्या अटीचं तिथे गेल्यावर समजतं.

आत गेलं की गोल टेबलं, मोठ्या आवाजातली गाणी, लहान मुलांसाठी वेगळा कोपरा. तुमच्या टेबलावर एक हसरा मुलगा किंवा मुलगी येते. तुमचं गाव कुठलं, शेवटची सहल कुठे केली, मुलांना किती वेळ देता, असं विचारते. मग कागदावर गणित मांडते : दरवर्षी एक सहल, हॉटेलाचा खर्च इतका, महागाई इतके टक्के, पंचवीस वर्षांत इतके लाख. त्याऐवजी आज एकदाच इतके भरा. तुम्ही नाही म्हणालात की मॅनेजर येतो आणि किंमत उतरते. पुन्हा नाही म्हणालात की त्याहून मोठा मॅनेजर येतो आणि आणखी उतरते. पण ही किंमत फक्त आजची. उद्या विचार करून सांगतो म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू आपण त्यांच्या घरचं जेवण अर्धवट टाकून उठलो. मध्येच कुठल्यातरी टेबलावर टाळ्या वाजतात आणि माइकवरून जाहीर होतं की अमुक कुटुंब आज सदस्य झालं.

आम्ही चार वेळा बसलो. एक ट्रॉली बॅग, एक इंडक्शनची शेगडी, एक जेवणाचं कूपन आणि एक 'तीन रात्री, चार दिवसां'चं व्हाउचर मिळालं. व्हाउचर वापरायला गेल्यावर समजलं की कर आणि सेवाशुल्क आपण भरायचं आणि ते जवळपास साध्या हॉटेलाच्या भाड्याएवढं होतं. ते कपाटातच राहिलं. ऑफिसात मी हे किस्से रंगवून सांगायचो. 'नाही' म्हणायची ताकद असली की यात धोका काहीच नाही, असं माझं म्हणणं असायचं.

सहल विकायच्या आधी जमीन

जेवण घालून, फिरवून आणून माल विकायची ही रीत टाइमशेअरहून जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जमिनींचा बाजार तापला होता. मायामीजवळ जॉर्ज मेरिक नावाचा माणूस कोरल गेबल्स हे नवं शहर वसवत होता. गिऱ्हाइकांना तिथे आणायला त्याने बसगाड्यांचा ताफा ठेवला होता. लोक आले की त्यांच्यासमोर भाषण करायला पगारावर माणूस होता विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीनदा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेला, देशभर वक्ता म्हणून गाजलेला नेता. फुकट गाडी, फुकट भाषण, आणि शेवटी प्लॉटचा नकाशा. १९२६च्या सप्टेंबरात मायामीवर मोठं चक्रीवादळ आलं. आधीच उतरणीला लागलेला बाजार त्यानंतर पुरता बसला.

सुट्टीतलं घर वाटून घ्यायची कल्पना मात्र युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये 'हापिमाग' ही कंपनी निघाली. भागधारकांनी पैसे घालायचे, कंपनीने ठिकठिकाणी सुट्टीची घरं घ्यायची आणि भागधारकांनी ती आळीपाळीने वापरायची. त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुपरदेवोल्वी या बर्फाळ ठिकाणी एका बांधकाम कंपनीने खोल्यांचा वापर आठवड्यांच्या हिशेबाने विकायला काढला. कल्पना चांगलीच होती. आपल्याला वर्षातून एक आठवडा खोली हवी असते, मग बावन्न आठवड्यांची किंमत का मोजावी?

अमेरिकेत ही कल्पना पोचली ती अडचणीच्या काळात. १९७३-७४च्या तेलसंकटानंतर फ्लोरिडातले फ्लॅट विकले जाईनात. बिल्डरांनी एका फ्लॅटचे आठवडे पाडले आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांना विकले. १९७४ साली जॉन आणि क्रिस्टेल डहान या जोडप्याने इंडियानात 'आरसीआय' सुरू केली : तुमचा फ्लोरिडातला आठवडा द्या, दुसऱ्याचा दुसरीकडचा घ्या. या अदलाबदलीमुळे धंदा जगभर पसरला.

पण त्यात एक अंगभूत अडचण होती. एक फ्लॅट विकायला एक गिऱ्हाईक लागतं, त्याचे आठवडे विकायला पन्नास. पन्नास जणांना शोधायचं, आणायचं, बसवायचं, पटवायचं म्हणजे विक्रीचा खर्च अफाट. तो शेवटी किमतीतच धरला जातो. म्हणून विकत घेतलेला आठवडा पुढे कोणाला विकायला गेलं की किंमत धडकन खाली येते, कारण खरेदीच्या रकमेत खोलीबरोबर गाणी, टाळ्या, मॅनेजर आणि न घेणाऱ्यांना वाटलेल्या गिफ्टा यांचेही पैसे असतात. माझ्या ट्रॉली बॅगेचे पैसे कंपनीने दिले नव्हते. बाजूच्या टेबलावर ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यांनी दिले होते.

युरोपातल्या सरकारांनी यावर कायदे केले. ब्रिटनचा टाइमशेअर कायदा १९९२चा. १९९४ साली युरोपीय संघाने खरेदीदाराला करार रद्द करायला दहा दिवसांची मुदत दिली, २००८ साली ती चौदा दिवसांची केली, आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायला बंदी केली. या कायद्याचा रोख नेमका 'फक्त आजची किंमत' यावर आहे. घरी जाऊन झोप, सकाळी उठ, मग ठरव, एवढंच तो म्हणतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही.

आपली मुक्कामाची पद्धत

भारतात हा धंदा रुजवला तो चेन्नईच्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने, १९८६पासून. १९९६ साली महिंद्र समूहाची कंपनी आली, तिचं 'क्लब महिंद्र' हे नाव आज घराघरात माहीत आहे. पंचवीस वर्षांचं सदस्यत्व, जांभळा-लाल-पांढरा-निळा असे हंगामाचे रंग, वर्षाकाठी द्यायची वेगळी वर्गणी, असं तिचं गणित. २००९ साली तिचे शेअर बाजारात आले. या कंपन्यांची रिसॉर्ट्स खरीखुरी आहेत, लोक तिथे जातात, फोटो टाकतात. तक्रारी असतात त्या हव्या त्या तारखेला खोली न मिळण्याच्या आणि वाढत्या वर्गणीच्या. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे मी ज्या धंद्याबद्दल सांगणार आहे तो वरून तसाच दिसत असला तरी आतून वेगळा होता.

मराठी मध्यमवर्गाला त्याआधी मुक्कामाची ठिकाणं नव्हती असं नाही. बँकवाल्यांची हॉलिडे होम होती, सरकारी विश्रामगृहं होती, सरकारी नोकरांना प्रवासाची सवलत होती. १९८४ साली 'केसरी' सुरू झाली आणि बसमधून एकत्र जाणाऱ्या, डब्यातला चिवडा वाटून खाणाऱ्या सहलींची सवय लागली. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून तीर्थक्षेत्रांत धर्मशाळा होत्या. कोणीतरी खोली बांधून द्यायची, दारावर त्याच्या आईवडिलांच्या नावाची फरशी बसायची आणि तिथे राहायचं कोणीही.

आमच्या संग्रामपूर तालुक्यातला माणूस 'फिरायला' म्हणून निघतो तो बहुतेक तासाभरावरच्या शेगावला. गजानन महाराजांचं दर्शन, भक्त निवासात मुक्काम, कचोरी, परत. माझ्या लहानपणी 'हॉटेलात राहणं' ही गोष्ट आम्ही सिनेमातच पाहिली होती. कपाशीचं पीक सोडून आठ दिवस समुद्रावर जाऊन पडायचं, ही कल्पना आमच्याकडे कोणी मनातसुद्धा आणली नसेल.

मग आमच्याकडे हॉटेलाच्या रात्री कशा खपल्या?

वैनी, जायाचंच नाई

२००९-१०चा सुमार. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्याच शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी एका संध्याकाळी पिशवीत माहितीपत्रकं घेऊन आले. चकचकीत कागदावर गोवा, महाबळेश्वर आणि निळं पाणी. आई चहा घेऊन आली, तिने ते फोटो पाहिले आणि विचारलं, "आपल्याले कुठी जा लागते त्या हाटेलात, गुरुजी?"

गुरुजी हसले. म्हणाले, "जायाचंच नाई ना वैनी. न गेल्याचेच पैसे भेटतात."

अख्खी योजना या एका वाक्यात आहे. तुम्ही महिन्याला थोडी थोडी रक्कम भरून काही वर्षांनंतरच्या रात्री विकत घ्यायच्या. मुदत संपली की जाऊन राहा, किंवा राहायचं नसेल तर त्या रात्री कंपनीला परत करा आणि भरल्यापेक्षा जास्त पैसे घ्या. पावतीवर शब्द पर्यटनाचे, पण घेणारा आणि विकणारा दोघांनाही माहीत की ही मुदत ठेव आहे आणि बँकेपेक्षा जास्त देते.

पंधरा दिवसांनी एका मंगल कार्यालयात सभा होती. मी बाबांबरोबर गेलो, जेवण आहे म्हणून. स्टेजवर प्रोजेक्टर, टाय लावलेला एक साहेब, 'मागच्या वर्षी सगळ्यात जास्त काम केलेल्या' एजंटांचे सत्कार. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझ्या शेजारी बसले होते. ते शेतकरी. वरण-बट्टी खाताना माझ्या कानात म्हणाले, "फुकट कोनी काई देत नाई बाप्पा." जाताना प्रत्येक जोडप्याला एक घड्याळ मिळालं. मोठ्या बाबांनीही घेतलं. आठवड्याभराने त्यांनी गुरुजींकडे स्वतःच्या नावाचा फॉर्म भरला.

त्यांना शंका होती आणि तरी त्यांनी भरला. याचं मला फार दिवस कोडं होतं.

१९७१ साली डेनिस रीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला. दोन माणसं एकत्र एक काम करत बसलेली असतात. त्यातला एक खरं तर प्रयोगकर्त्याचाच माणूस. मधल्या सुट्टीत तो बाहेर जातो आणि येताना दुसऱ्यासाठी न मागता एक कोकाकोला घेऊन येतो. नंतर तो म्हणतो, मी शाळेसाठी लॉटरीची तिकिटं विकतोय, घेशील का? ज्यांना कोकाकोला मिळाला होता, त्यांनी न मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. तिकिटांची किंमत कोकाकोलापेक्षा कितीतरी जास्त झाली होती, तरीही.

संग्रामपुरात हे समजायला प्रयोगाची गरज नाही. लग्नात आलेला आहेर वहीत लिहून ठेवणारा आपला समाज. कोणाकडून किती आलं, त्यांच्या घरी किती द्यायचं, हे आईच्या वहीत पस्तीस वर्षांचं लिहिलेलं आहे. भेट फुकट नसते, ती फेडायची असते, हा आपला जुना नियम आहे आणि चांगला नियम आहे. त्यावर गावं चालतात. या धंद्याने नेमका तो नियम उचलला. मोठ्या बाबांनी घड्याळ फेडलं. ते कंपनीला नाही, गुरुजींना फेडलं. ज्यांनी त्यांच्या मुलांना पाढे शिकवले होते, त्यांना नाही कसं म्हणायचं?

कायद्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत हे घातलं गेलं : प्रत्यक्षात जिचे पैसे व्यवहारातच वसूल केलेले आहेत, ती वस्तू फुकट देत असल्याचा भास निर्माण करणं. पुढे ते ग्राहक संरक्षण कायद्यात आलं, २०१९च्या नव्या कायद्यातही आहे. पण घड्याळ भिंतीवर लागल्यावर ग्राहक मंचात जातं कोण?

खोल्यांचा हिशेब

पॅनकार्ड क्लब्सच्या आकड्यांकडे परत येतो, कारण ते सार्वजनिक नोंदीत आहेत. ७,०३५ कोटींना ५१ लाखांवर लोकांनी भागा. माणशी साधारण साडेतेरा हजार रुपये येतात. २०१३-१४ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,००० रुपये होता. म्हणजे सरासरी गुंतवणूक साडेतीन क्विंटल कापसाच्या आत. लोभी माणसाने डाव लावावा अशी ही रक्कम नाही. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी बाजूला टाकावी, अशी आहे.

दुसरा हिशेब मी सवयीने केला. समजा यातल्या प्रत्येकाने वर्षातून एकच रात्र राहायला जायचं ठरवलं. ५१ लाख रात्रींना ३६५ने भागलं की जवळपास चौदा हजार खोल्या लागतात, त्याही वर्षभर रोज भरलेल्या. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. पण कोणीच राहायला जाणार नाही हे गृहीत धरल्याशिवाय अशी योजना मांडता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

सेबीचं म्हणणं कायद्याच्या भाषेत हेच होतं. १९९०च्या दशकात सागवान आणि फळबागांच्या कंपन्यांनी लोकांचे पैसे बुडवल्यावर १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम झाले. कसोटी सोपी आहे : लोकांचे पैसे एकत्र केले जातात का, ते नफ्याच्या आशेने दिलेत का, त्यांचा कारभार दुसराच कोणी पाहतो का, आणि देणाऱ्याचं त्यावर रोजचं नियंत्रण नाही ना? चारही उत्तरं तशी आली तर पावतीवर झाड लिहा, जमीन लिहा की हॉटेल लिहा, ती गुंतवणूक योजनाच, आणि सेबीकडे नोंदणी हवी. पॅनकार्ड क्लब्सचं अपील २०१७ साली रोखे अपील न्यायाधिकरणानेही फेटाळलं. मुंबईच्याच रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स या सुट्ट्यांच्या योजना विकणाऱ्या कंपन्यांवर सेबीने २०१५ साली कारवाई केली. जमिनीच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या पीएसीएलवरचा आदेश २०१४चा. तिथली रक्कम ४९,१०० कोटी.

पुण्यातल्या त्या गोल टेबलांवर सहल विकतात आणि ती गुंतवणूक असल्याचं भासवतात. आमच्याकडे गुंतवणूक विकली आणि ती सहल असल्याची पावती दिली. मात्र माहितीपत्रक, प्रोजेक्टर, जेवण, सत्कार आणि जोडप्याला भेट हे सगळं दोन्हीकडे सारखंच.

गुरुजी

मोठ्या बाबांच्या पावतीची मुदत २०१५मध्ये संपत होती. तोवर कंपनीचं तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालय बंद झालं होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, मूत्रपिंडाचे आजार गावोगाव. मोठ्या बाबांचं डायलिसिस अकोल्याला चालू होतं. ते पैसे वेळेवर आले असते तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. ते तसेही फार दिवस नव्हते. पण शेत गहाण पडलं नसतं.

लोक कंपनीकडे जाऊ शकत नव्हते. कंपनी मुंबईला होती, आणि तिथे नेमकं कुठे जायचं हेही कोणाला माहीत नव्हतं. गुरुजी मात्र गावात होते. आधी लोक त्यांच्या घरी जायचे, मग रस्त्यात अडवायचे. गुरुजींचे स्वतःचे, दोन्ही मुलांचे, जावयाचे पैसे त्यातच होते. सत्कार झालेल्या एजंटांत ते एक होते. त्या सत्काराची शाल ते थंडीत पांघरायचे, ती नंतर कधी दिसली नाही. त्यांनी दोन एकर विकून जवळच्या काही लोकांचं देणं स्वतः फेडलं. कायद्याने ते त्यांचं देणं नव्हतं. मोठ्या बाबांच्या तेराव्याला ते आले, मांडवाच्या बाहेर उभे राहिले आणि न जेवता गेले. बाबा त्यांच्यामागे गेले, हात धरला. काय बोलले ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही.

मला तेव्हा गुरुजींचा राग यायचा. शेगावला इंजिनिअरिंगला होतो, सगळं कळतं असं वाटायचं. गणिताच्या शिक्षकाला चक्रवाढ व्याजाचा हिशेब करता येऊ नये?

पाचवं प्रेझेंटेशन

मागच्या वर्षी फोन आला : एअर फ्रायर. आम्ही गेलो. टेबलावर आलेला मुलगा पंचविशीचा असेल. सूट अंगाला सैल होता. शेवटची सहल कुठे केली, या प्रश्नावर मी बायकोला हळूच काहीतरी म्हणालो आणि त्यात एक 'हाय' निसटलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही बुलढाण्याकडचे का?"

तो जळगाव जामोदचा निघाला, आमच्या शेजारच्या तालुक्याचा. मॅनेजरचं लक्ष दुसरीकडे आहे हे पाहून त्याने आवाज उतरवला. "तुमाले घ्याचं नाई, हे मले चहा पितानाच समजलं. पन दीड तास बसवा लागते, नाईतर गिफ्टची स्लिप निघत नाई." मग कागदावर आकडे मांडत राहिला, म्हणजे लांबून काम चालू आहे असं वाटावं. त्याचा पगार अगदी थोडा होता, बाकी सगळं विक्रीवर. त्या शनिवारची ती तिसरी जोडी, तिन्ही आमच्यासारखीच. महिन्याचं टार्गेट अजून बाकी होतं. आईला काय सांगितलंय, असं मी विचारलं. "मार्केटिंगमध्ये हाय म्हनून," तो म्हणाला.

दीड तास आम्ही पाण्याबद्दल, कपाशीच्या भावाबद्दल, शेगावच्या गर्दीबद्दल बोललो. त्याने स्लिपवर सही केली. काउंटरवर एअर फ्रायर तयार होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आम्ही तो घेतला नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण आम्ही घेतला. त्याच्या नावावर ती भेट 'पूर्ण' दिसायला ती स्लिप वटणं गरजेचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्यानंतर असे फोन आले की मी लगेच नाही म्हणतो. त्या पोराचा शनिवार फुकट नसतो. आणि बाजूच्या टेबलावर टाळ्या वाजल्या की आता मला मंगल कार्यालयातला सत्कार आठवतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईने पेटीतून मोठ्या बाबांची पावती काढून दिली. मोबाइलवर फोटो काढून ठेव म्हणाली, कधी काही निघालं तर. जाड कागद, सोनेरी किनार, खाली गुरुजींची सही. त्यांचं अक्षर फळ्यावरच्यासारखंच, वळणदार. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत अटी होत्या, इंग्रजीत. त्या घरात मी पहिला माणूस होतो ज्याने त्या पूर्ण वाचल्या.

दुपारी गुरुजींकडे जाऊन आलो. आता त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी ओळखलं, पुण्याला काय करतोस विचारलं, चहा पाजला. पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. निघताना त्यांनी परसातली चार लिंबं पिशवीत घालून दिली. मी नको म्हणालो नाही.